आग आणि पाणी यजमानाचं

नांदेडात देगलूर नाक्यावर उतरून जिलानी बावर्चींचं घर विचारा. कुणी घर नंबर सांगणार नाही. "सरळ जा, कांदा तळल्याचा वास आला की थांबा," एवढंच सांगतील, आणि तेवढं पुरतं. वय अठ्ठावन्न, मेंदीनं लालसर झालेली दाढी, उजव्या मनगटावर वाफेनं पोळल्याचा जुना डाग. पस्तीस वर्षं ते लग्नाच्या जेवणाच्या मोठाल्या देगा चढवतात आणि उतरवतात. बिर्याणी काय, कुणीही करतं, असं त्यांचं म्हणणं. बावर्ची ओळखावा तो दालच्यावरून. तुरीची डाळ, मटण, दुधी आणि चिंच. मसालेदार फोडणीच्या बगारा भातावर हा दालचा पडला की पाहुण्यानं ताटातून मान वर करता कामा नये.

त्यांचे वडील हेच त्यांचे उस्ताद. त्यांनी एक नियम घालून दिला होता. बावर्चीनं यजमानाकडून दोनच गोष्टी घ्यायच्या, आग आणि पाणी. बाकी सगळं आपलं. चिमूटभर मीठसुद्धा मागायचं नाही. आणि जी आग मिळेल, जे पाणी मिळेल, त्याला नावं ठेवायची नाहीत. लाकूड ओलं असेल तर फुंकर मारायची, पाणी गढूळ असेल तर गाळून घ्यायचं. जिलानींनी हा नियम इतका पाळला की परगावी जाताना ते सुई-दोरासुद्धा बरोबर नेत. मागणं ही गोष्टच त्यांच्या जिभेवरून पुसून गेली होती.

खोड एकच. लातूरचं नाव निघालं की ते सरळ बोलत नसत.

तसं लातूर त्यांना परकं नव्हतं. धाकटी बहीण रईसा चोवीस वर्षांपूर्वी तिथंच दिलेली, गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत. तिचा नवरा आसिफ एका डाळमिलमध्ये डाळीच्या पोत्यांची, म्हणजे कट्ट्यांची, तोंडं शिवायच्या मशिनवर. माणूस सज्जन, पण तो जितका सज्जन तितकाच लातूरचा. दर शुक्रवारी नमाजानंतर मेहुण्यांचा फोन व्हायचा. अर्धी दखनी, अर्धी मराठी, आणि सगळं भांडण.

"क्या भाईजान, पावसाळा लई झाला म्हणं. आली का गोदावरी घरात चहाला?"

"आली तर येऊ दे की. तुमच्याकडं यायला नदी तर पायजे!"

"नदी नसंल, पण तुमच्या नाक्यावरची सगळी पोरं डॉक्टर व्हायला लातूरलाच येऊन राहिली."

"हौ, अन् शिकून दवाखाना कुठं टाकतेत? नांदेडात!"

मग आयुक्तालय कुणाला मिळायला हवं, रेल्वे कुणाची मोठी, ऊन कुणाचं कडक. उन्हातसुद्धा कुणाला मागं राहायचं नव्हतं. दोन्ही शहरांमधल्या रस्त्यावर खड्डे आहेत हे दोघांना मान्य होतं, पण ते कुणाच्या हद्दीत सुरू होतात यावर एकदा पाऊण तास गेला. रईसा स्वयंपाकघरातून म्हणायची, "दोघांचा आवाज पण एक, शिव्या पण एक. फोन कुणाच्या हातात हाय तेच कळत न्हाई."

आणि मग रईसाच्या मुलीचं, कहकशांचं लग्न ठरलं. मुलगी फार्मसी शिकलेली. मुलगा शहेबाज, औषधांच्या दुकानाचा मालक. आणि गाव नांदेड.

आसिफनं फोन केला. "भाईजान, लेक तुमच्या नांदेडला देऊन राहिलो. आता जेवण तरी लातूरच्या बावर्चीचं होऊ दे."

"माझ्या भाचीच्या लग्नात दुसऱ्याचा कलथा?" जिलानी उभेच राहिले. "आसिफमियाँ, मी काय मेलो का?"

तिढा कहकशांनं सोडवला. तिनं बापाच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मामू, तुमचा दालचा नसंल तर मी कुबूल म्हणणार न्हाई. काजींना ताटकळत बसवीन."

आसिफ हरला, पण फुकट हरणारा नव्हता. त्यानं पैज लावली. दालचा जमला तर तो भर मांडवात उभा राहून म्हणेल, "नांदेड ते नांदेड." फसला तर जिलानींनी म्हणायचं, "लातूर ते लातूर," आणि पुन्हा जन्मभर लातूरला नावं ठेवायची नाहीत.

"मंजूर," जिलानी म्हणाले. वऱ्हाड नांदेडचं, चारशे माणूस. त्यातल्या निम्म्यांच्या लग्नात त्यांनीच देग चढवलेली. त्यांच्यासमोर लातूरच्या जमिनीवर "लातूर ते लातूर" म्हणायची पाळी आली, तर देगलूर नाक्यावर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

लग्नाच्या आठ दिवस आधी रईसाचा फोन आला. "भाईजान, एक सांगायचं होतं. इकडचं पाणी..."

जिलानी हसत सुटले. "रईसा, गोदावरीच्या काठावर जन्मलो मी. मला पाण्याचं शिकवतीस? पाणी ते पाणी. ते यजमानाचं काम. तू मेंदीचं बघ."

ती पुढं काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

आदल्या दिवशी दुपारी हनुमंतच्या टेम्पोत सामान चढलं. हनुमंत मुखेडचा, दहा वर्षांपासून जिलानींच्या देगा ओढणारा. देगा, कलथे, मसाल्याचे डबे, चिंच, मीठ, डाळीचे दोन कट्टे, काडीपेट्या, अगदी भांडी घासायची राखसुद्धा.

"चाचा, लातुरात राख मिळती की," हनुमंत म्हणाला.

"मिळत असंल. मागायची कुणी?"

लोहा, अहमदपूर, चाकूर करत संध्याकाळी टेम्पो लातुरात शिरला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला जिलानी विचारत, "हद्द कुणाची?" आणि हनुमंत इमानदारीनं म्हणे, "झोपलो होतो चाचा." तो गाडी चालवत होता.

सकाळी सातला जिलानींनी काम सुरू केलं. रईसाच्या घराला लागून मोकळं मैदान होतं, तिथंच मांडव आणि तिथंच चुली. आसिफनं बोअरच्या पाण्याचा टँकर उभा केला होता. जिलानींनी पाइप हातात घेतला आणि नांदेडच्या सवयीनं देगा धुवायला लागले. पाणी धो धो. देगेतून जमिनीवर, जमिनीवरून गल्लीत.

गल्लीतली दारं एकेक करून उघडली. सगळे त्या वाहत्या पाण्याकडं असे बघत होते, जसं कुणी नोटा उडवत चाललाय. शेजारच्या घरातून साठीची एक बाई आली, कपाळावर विभूती, हातात बादली. तिनं बादली देगेच्या खाली सरकवली, भरली की दुसरी लावली. रईसाच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या या नागाबाई. रईसा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला नळाला नंबर लावायला यांनीच शिकवलं होतं.

"बाई, खरकटं पाणी हाय ते," जिलानी म्हणाले.

"झाडाला काय कळतंय," नागाबाई म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

आठ वाजता डाळ चढली. निकाह दीड वाजता, जेवण दोनला. नऊपर्यंत डाळ मऊ, दहाला घोटून तयार, मग मटणाच्या रश्श्यात सोडायची. पस्तीस वर्षांचं गणित होतं, घड्याळ बघायची गरज नव्हती.

नऊ वाजता जिलानींनी डाळीचा दाणा दोन बोटांत दाबला. दाणा बोटांतून निसटून उडाला.

त्यांनी जाळ वाढवला. साडेनऊला पुन्हा दाबला. आता निसटला नाही, पण फुटलाही नाही. दहा वाजता देगेतलं पाणी पिवळं झालं होतं, वर फेस आला होता, आणि डाळ तळाशी खड्यासारखी खुळखुळत होती. हनुमंतनं कलथा फिरवला तेव्हा जो आवाज आला, तो डाळीचा नव्हता, वाळूचा होता.

जिलानींच्या कपाळावर घाम आला. चुलीचा नव्हे.

तेवढ्यात नव्या शेरवानीत आसिफ आला. "काय भाईजान, झाला का नांदेडचा विजय?"

"हे तुमच्या लातूरमुळं!" जिलानी कडाडले. नावं कशाला ठेवायची ते सापडत नव्हतं, म्हणून त्यांनी पहिलं सापडलं ते घेतलं. "डाळ बदलली कुणीतरी! ही लातूरची डाळ हाय, खडे नुसते! माझी नांदेडच्या मोंढा बाजारातली डाळ लोण्यासारखी शिजती. पस्तीस वर्षं तीच वापरून राहिलो."

आसिफ खाली वाकला. त्यानं रिकामा कट्टा उचलला, तोंडाकडची शिवण बोटानं चाचपली आणि हसू आवरत तो हनुमंतला म्हणाला, "ही गाठ बघ. दोरा दोनदा वळवून शेपूट सोडलंय का न्हाई? मशिनचा दोरा संपत आला की अशी गाठ मीच मारतो. सगळी मिल मला शिव्या देती त्यावरून." मग त्यानं कट्टा जिलानींच्या समोर धरला. खाली निळ्या शाईत मिलचं नाव होतं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, लातूर.

"नांदेडच्या मोंढ्यात घेतली तुम्ही," आसिफ म्हणाला, "पण तिथं ती इथनंच गेली. भाईजान, पस्तीस वर्षं लातूर शिजवून राहिले तुम्ही."

हनुमंत तोंड फिरवून मसाल्याचे डबे मोजायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

एरवी या गोष्टीवर जिलानींनी तासभर वाद घातला असता. आज त्यांना फक्त देग दिसत होती. डाळ चांगली, जाळ चांगला, हात तोच. मग नडलं काय?

नागाबाई तिसरी बादली घेऊन आल्या होत्या. त्यांनी देगेत डोकावून बघितलं. त्या शाकाहारी, पण मटण अजून दुसऱ्या चुलीवर वेगळं होतं, त्यामुळं त्यांना डोकावायला हरकत नव्हती.

"कोणतं पाणी घातलं?"

"टँकरचं."

नागाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदराबाहेर सांडलंच. "अहो भाऊ, बोरच्या पाण्यात कुठं डाळ शिजती व्हय? उद्या या वेळेपर्यंत जाळ घाला, अशीच राहणार. डाळ नळाच्या पाण्यात शिजवायची. इथलं शेंबडं पोरगंबी सांगंल."

लातुरात ही गोष्ट इतकी माहितीची होती की कुणी ती सांगायचीच असते असं कुणाला वाटलं नाही. बोअरचं पाणी जड, त्यातला क्षार डाळीला धरून ठेवतो, फुटू देत नाही. आसिफला हे कळायला तो कधी चुलीपाशी बसला नव्हता. कहकशांनं हे रसायनशास्त्रासकट सांगितलं असतं, पण ती मेंदीचे हात घेऊन आतल्या खोलीत बसली होती. आणि रईसानं जेव्हा सांगायचं म्हटलं तेव्हा जिलानींनी फोन ठेवला होता.

रईसा धावत बाहेर आली. "भाईजान, पिण्यासाठी तीन ड्रम भरून ठेवलेत मी नळाच्या पाण्याचे. ते घ्या."

"अन् वऱ्हाड काय पिणार? चारशे माणूस उन्हातून येऊन राहिलं. ते नक्को."

"मग गल्लीत हाय की घरोघर," नागाबाई म्हणाल्या. "नळ येऊन पाच दिवस झाले. पुढचा परवा येईल. पर सगळ्यांनी साठवून ठेवलंय. एकेक घागर दिली तरी तुमची देग भरती."

"मी सांगून येतो," आसिफ निघाला.

नागाबाईंनी त्याला हातानं अडवलं. त्या जिलानींकडं बघत होत्या. "तू कशाला? ज्याची डाळ त्यानं मागावं."

सव्वादहा झाले होते. जिलानी देगेजवळ उभे होते. आयुष्यात त्यांनी कुणाच्या उंबऱ्यावर हात पसरला नव्हता. आता मागायचं, ते लातुरात, आणि मागायचं काय, तर पाणी. चोवीस वर्षं ज्या पाण्यावरून टोमणे मारले तेच. आतून बायकांच्या गाण्याचा आवाज आला, मध्येच कहकशां खळखळून हसली. जिलानींनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला, घडी केली, डोक्यावर ठेवली आणि वर रिकामी घागर घेतली.

पहिलं दार नागाबाईंचंच. त्या धावत पुढं जाऊन आतून दारात येऊन उभ्या राहिल्या, जणू ओळखच नाही.

"काय पायजे?"

"ते... म्हणजे..." जिलानी अडखळले. "अक्का, जरा पाणी द्याल का?"

"कुठलं म्हणायचं गाव तुमचं?"

"नांदेड."

"गोदावरी कुठं गेली वो मग?"

मागं जमलेली गल्ली खो खो हसली. जिलानींनाही, इतक्या वेळात पहिल्यांदा, हसू फुटलं. "घरी विसरून आलो अक्का."

"असं म्हणा की." नागाबाईंनी पितळी घागर वाकती केली. पाणी काठोकाठ, थेंबही बाहेर न सांडता.

मग ती रीतच पडली. प्रत्येक दारात एक घागर आणि एक टोमणा. कुणी म्हणे, "आमच्या पोरीला तिकडं अंघोळीला तरी पाणी मिळंल ना?" कुणी म्हणे, "पुन्हा देगा धुवाल का अशा?" एका घरातली अंबिका, तिचा मुलगा नांदेडला कॉलेजात होता, म्हणाली, "दोन घागरी घ्या, पर त्याला एकदा जेवायला बोलवा. मेसचं खाऊन वाळलाय." जिलानींनी तिथल्या तिथं दर जुम्म्याचं आमंत्रण दिलं. चौथ्या दारापर्यंत ते मागताना अडखळत होते. आठव्या दारात ते स्वतःच ओरडले, "नांदेडचा भिकारी आलाय, टोमणा काढून ठेवा!"

शेवटच्या घरात मलप्पा गुरुजी, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी घागर स्वतः उचलून आणली. "हे पाणी मांजरा नदीचं. आणि मांजरा जाऊन मिळते कुठं? गोदावरीला. म्हणजे हे तुमच्याकडंच यायला निघालं होतं. आम्ही फक्त वाटेत थांबवून घेतलं."

"गुरुजी, ती बिलोलीच्या पलीकडं मिळती. नांदेडच्या खाली. आमच्या घागरीत कुठं येती?"

"मग आज घ्या," गुरुजी म्हणाले.

सतरा घरांचं पाणी जमलं. मांडवाच्या बांबूंमधून घागरींची रांग लागली, पितळी, स्टीलच्या, एक प्लॅस्टिकची निळी कळशीही. हनुमंतनं डाळ टोपल्यांवर उपसली. देगेतलं पिवळं पाणी ओतून द्यायला तो वाकला, तर चार बायका एकदम ओरडल्या, "ओतताय कुठं? भांडी घासायला होईल!" जिलानींनी मान हलवली. आज ते शिकायच्याच तयारीत होते. त्यांनी देग एका तांब्यानं विसळली. एका तांब्यानं पूर्ण देग. गल्लीनं पसंतीची मान डोलावली.

पावणेअकराला डाळ पुन्हा चढली. साडेअकराला जिलानींनी दाणा उचलला. सगळे श्वास धरून बघत होते. दोन बोटं जवळ आली आणि दाणा लोण्यासारखा पसरला.

"आली!" हनुमंत ओरडला, आणि गल्लीत अशी आरोळी उठली की आतल्या बायकांना वाटलं वऱ्हाड आलं.

वऱ्हाड वेळेवर आलं. निकाह झाला. कहकशां ठरल्याप्रमाणं कुबूल म्हणाली, ते म्हणण्याआधी मामूचा दालचा झाला का हे मात्र तिनं निरोप पाठवून विचारून घेतलं होतं. दस्तरखान पसरलं, बगाऱ्यावर दालचा पडला, आणि चारशे नांदेडकरांनी ताटात मान घातली ती वर काढलीच नाही. लातूरच्या पाहुण्यांचंही तसंच. मग हळूहळू आवाज यायला लागले. शहेबाजचे चुलते म्हणाले, "आहा, चव सांगती, हात नांदेडचा हाय." पलीकडून लातूरचा एक जण म्हणाला, "डाळ कुठली ते विचारा आधी." दोन्हीकडं पुन्हा वाढायची हाक एकदमच गेली.

आसिफ उठला. पैज ती पैज. त्यानं घसा साफ केला. "भाइयो, मला एक सांगायचंय. नांदेड ते..."

जिलानींनी त्याचं मनगट धरलं. "थांब मियाँ. डाळ लातूरची, पाणी लातूरचं. मी हरलो."

"असं कसं? जेवण जमलं न्हाई का? मी हरलो."

"दारोदार मागितलं कुणी? मी. म्हणजे मी हरलो."

"अन् टँकर चुकीचा कुणी आणला? मी! मला म्हणू द्या, नांदेड ते..."

"लातूर ते!"

"नांदेड!"

"लातूर!"

दोघं मांडवाच्या मधोमध एकमेकांचं मनगट धरून उभे, आणि आख्खं वऱ्हाड हातात घास धरून बघतंय. रईसा परातीतून भात वाढत आली. "चोवीस वर्षं जिंकायला भांडले," ती म्हणाली, "आता हरायला भांडून राहिले. बसा खाली. भात गार होतोय." दोघं जिथं होते तिथं बसले.

मांडवाच्या कडेला गल्लीतल्या शाकाहारी शेजाऱ्यांची पंगत होती. त्यांच्यासाठी जिलानींनी नव्या पातेल्यात, वेगळ्या चुलीवर, नुसत्या दुधीचा दालचा केला होता. अर्धं ताट सोडून ते तिकडं गेले. नागाबाईंच्या समोर उकिडवे बसले आणि त्यांच्या ताटाकडं बघत राहिले. चारशे माणसांची वाहवा एका बाजूला होती.

नागाबाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. शेजारी मलप्पा गुरुजी बोटं चाटत होते, पण त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं.

"चांगला झालाय," नागाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पर भाऊ, मीठ थोडं कमी हाय."

हनुमंत मसाल्याच्या डब्याकडं धावला. मिठाचा डबा त्याच्या हातात आला होता, तो झाकण उघडत होता. जिलानींनी त्याला हातानं थांबवलं आणि नागाबाईंच्या दाराकडं बघत, आता अगदी न अडखळता, म्हणाले, "मग द्या की अक्का, तुमच्याच घरचं."